‘ओव्हर’ म्हणेपर्यंत

सामंतकाकूंचा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाल्या, "गच्चीची डागडुजी काढली आहे. वरची तार उतरवायला हवी. कामाच्या माणसांना सांगितलं तर ते कोयत्याने तोडून मोकळे होतील. तू येशील का?"

येशील का, हे त्या उगाच विचारतात. मी सोललेले वाल डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची रोह्याची गाडी धरली.

गच्चीत आता शेवाळ वाळून काळं पडलंय. पाण्याच्या टाकीच्या सावलीत काकूंची खुर्ची ठेवली. ऐंशी उलटून गेल्यात, जिना चढताना मध्ये एकदा बसावं लागलं, पण वर आल्यावर हुकूम सोडायला लागल्या. "आधी माडाकडचं टोक सोड. ओढू नकोस, अंगावर येईल." माडाला बांधलेली नायलॉनची दोरी उन्हापावसाने पांढरी, कडक झाली होती. गाठ सुटेना. दातांनी सोडवली तेव्हा जिभेवर खारट, धुळकट चव आली. मग ती तार सैल झाली आणि हळूहळू खाली झुकत माझ्या हातात आली. तांब्याची ती तार हिरवट झाली होती, बोटांना तिचा वास लागला. जुन्या पैशांना येतो तसा वास. कुंडलिकेकडून वारा येत होता आणि त्यात धाटावच्या कंपन्यांचा तो आंबूस वास होता. रोह्याच्या माणसांना तो येत नाही, मला मात्र इतक्या वर्षांनी गाडीतून उतरल्याबरोबर आला, आणि मी परत तेवीस वर्षांची झाले.

त्या वेळी मी पेणहून रोज रोह्याला यायची. धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी होती. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. डब्यात भाजीच्या पाट्या, सुक्या मासळीच्या टोपल्या, कंपनीतले शिफ्टवाले खिडकीला डोकं टेकून झोपलेले. स्टेशनातून कंपनीच्या बसपर्यंत चालत जाताना एक गल्ली लागायची, आणि त्या गल्लीतल्या एका घराच्या खिडकीतून एक आवाज यायचा. बारीक, गोल, एकसुरी. पहिल्यांदा वाटलं पिंजऱ्यातला पक्षी आहे. मग वाटलं, कुणी पोर शिट्टी वाजवतंय. पण त्यात काहीतरी ठरलेलं होतं. थोडा आवाज, थोडी शांतता, परत आवाज. कुणीतरी नीट विचार करून बोलत असावं तसं. मी रोज तिथे घटकाभर थांबायची. वर पाहिलं की गच्चीपासून मागच्या माडापर्यंत गेलेली एक तार दिसायची. तिच्यावर कपडे मात्र कधी वाळत घातलेले नसायचे.

एका सकाळी खिडकीतून बाईचा आवाज आला. "अगं, रोज अशी बाहेर काय उभी राहतेस? आत ये. चहा घे."

त्या सामंतकाकू. आत टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसलेले ते सामंतकाका. जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन गावी आले तरी हात गप्प बसेनात, म्हणून हौशी रेडिओचं लायसन घेऊन घरातूनच, गच्चीवरच्या त्या तारेच्या एरियलवरून, जगाशी बोलत बसायचे. काकांनी हेडफोन काढला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी लहानपणापासून अडखळत बोलते. शब्द आत तयार असतो, अगदी स्वच्छ. पण ओठांपाशी आला की तिथेच अडतो. प, ब, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं आली की ओठ मिटलेलेच राहतात. आणि स्वतःचं नाव सांगणं तर सगळ्यात अवघड, कारण त्याला दुसरा शब्द नसतो.

घरात यावर एक तोडगा निघाला होता. बाबा माझी वाक्यं पुरी करायचे. मी म्हणायची, "आज कॉ... कॉ..." आणि बाबा म्हणायचे, "कॉलेजात उशीर झाला? जा, आधी जेवून घे." उशीर झालेलाच नसायचा. पण ते इतक्या मायेने चुकायचे की त्यांना दुरुस्त करावंसं वाटायचं नाही. मग मी जेवायला बसायची. न लागलेल्या भुकेचं किती जेवण मी त्या वर्षांत जेवले असेन.

तर काकांनी नाव विचारलं आणि मी पहिल्याच अक्षराला अडकले. काकू पुढे सरसावल्या नाहीत. काकांनी मान खाली घातली नाही, की खिडकीबाहेर पाहिलं नाही. ते नुसते थांबले. माझं नाव पुरं झालं, त्यानंतरही एक श्वासभर थांबले, मग म्हणाले, "छान. बस."

ती एक श्वासभराची शांतता मला फार नवी होती. माझं बोलणं संपलं की नाही याची कुणी खात्री करून घेतं, असं आधी कधी झालं नव्हतं. पुढे कळलं की ती त्यांची जन्माची सवय होती. समोरचा ‘ओव्हर’, म्हणजे ‘माझं बोलून झालं’, म्हणेपर्यंत आपण बोलायचं नाही. वाऱ्यावरचा, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा, तो पहिला नियम.

मग मी शिकायला लागले. शिफ्ट सुटली की गाडीला वेळ असायचा, तेवढा वेळ काकांकडे. खिडकीतला तो आवाज म्हणजे मोर्स, ठिपक्या-रेघांची तारेची भाषा. ती त्यांनी कागदावर शिकवलीच नाही. "ठिपके-रेघा लिहिशील तर आयुष्यभर मोजत बसशील. कानाने घे. गाणं मोजतो का आपण?" म्हणून ते तोंडाने म्हणायचे, डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. म्हणजे ‘कुणी आहे का?’ जगातल्या कुणालाही उद्देशून. मला ते फार आवडायचं. कुणाचंही नाव न घेता हाक मारता येते, ही केवढी सोय.

परतीच्या गाडीत मी स्टेशनांच्या पाट्या मनातल्या मनात वाजवायची. रोहा वाजवायला भारदस्त होतं, डिडाडिट, डाडाडा, मग चार ठिपक्यांची घाई, आणि शेवटी एक छोटंसं डिडा. मांडीवर बोट आपटत असायचं. समोरच्या बाकावरची मासळीवाली एकदा म्हणाली, "काय गो, ताप बिप हाय काय? बोट कशाला नाचतंय?" मी नुसती हसले. तिने टोपलीतला मूठभर जवळा कागदात बांधून दिला. म्हणाली, "खा जरा. अंगात काय नाय तुझ्या."

काकांच्या खोलीचा वास मला अजून येतो. गरम झालेल्या कथिलाचा, राळेचा, रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की उडणाऱ्या धुळीचा, आणि आतल्या खोलीतून येणारा काकूंच्या फोडणीचा. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत गेला की काका म्हणायचे, "फुंकर मारू नकोस, सांधा कच्चा राहील." भिंतीवर देशोदेशीची कार्डं चिकटवलेली. कुणाशी बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना कार्ड पाठवायचं, अशी रीत. कार्डांवर कुणाचं गाव, कुणाचा कुत्रा, कुणाची बर्फात बुडालेली झोपडी. आणि बायकांना रेडिओच्या जगात वयाचा हिशेब न करता ‘यंग लेडी’ म्हणायचे. काकू तेव्हा पन्नाशीच्या होत्या. कुणा परदेशी माणसाने काकांना विचारलं, तुमच्या घरातली यंग लेडी कशी आहे, की काका मोठ्याने वाचून दाखवायचे आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "सांगा त्याला, भाकऱ्या थापतेय!"

थंडीत त्यांच्या मागच्या परसात पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे. मडकं उपडं घालून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाल्याचा तो कडवट, धुरकट वास सगळ्या आळीत पसरायचा. शेंगा शिजेपर्यंत काका मडक्यावर काठीने टकटक करून मला शब्द द्यायचे. जाळाच्या उजेडात मी ते ओळखायची आणि काकूंना सांगायची. अडखळत सांगायची, पण ओळखण्यात चूक नसायची.

"हिच्या हाताला अडखळणं माहीत नाही," काका एकदा काकूंना म्हणाले. मी परसदारी हात धुत होते, त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, चालीवरून माणूस ओळखावा तसा ‘की’च्या, मोर्स वाजवायच्या त्या खटक्याच्या, ठोक्यांवरून ओळखता येतो. माझा हात, ते म्हणाले, संथ वाहत्या पाण्यासारखा आहे. मी कितीतरी वेळ नळाखाली हात धरून उभी होते.

मलाही लायसन हवं होतं, त्याच्या परीक्षेसाठी मुंबईला जावं लागलं. बाबा सोबत आले. ते पेणला रामवाडीत एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि आम्ही तिथेच जवळच्या चाळीत राहायचो. परीक्षेच्या इमारतीबाहेर झाडाखाली ते डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "झालं ना? तोंडी... तोंडी काय नव्हतं ना?" नव्हतं. कानाने घ्यायचं, हाताने द्यायचं, आणि लिहायचं. त्यांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की झाडाखालचा दुसरा माणूस वळून पाहायला लागला.

परीक्षा पास झाले तरी लायसन लगेच येत नसे. आधी पोलीस चौकशी. एका दुपारी हवालदार चाळीत आला आणि ओट्यावर उभा राहून मोठ्याने विचारायला लागला, "हितं वायरलेसवाली मुलगी कोण?" सगळी चाळ दारात आली. आईने त्याला पोह्याचे पापड भाजून दिले. पापड मोडत त्याने विचारलं, "कशासाठी पाहिजे वायरलेस? कोणाशी बोलणार?" मी म्हणाले, "को... कोणाशीही." तो पापड चावायचा थांबला. हे उत्तर त्याला लिहिता येईना. शेवटी बाबांनीच माझं वाक्य पुरं केलं, "शिक्षणासाठी, साहेब." आणि ते मात्र बरोबर निघालं.

लायसनची वाट पाहता पाहता उन्हाळा आला. खारेपाटात मिठाचे ढीग पांढरे झाले, कारखान्यांतून गणपतींचे साचे बाहेर पडायला लागले. बाबांनी वर्कशॉपमधलं मोडकं हॅक्सॉचं पातं घेतलं, त्याला पितळी बोल्ट बसवला, वर लाकडी बटण ठोकलं आणि माझ्यासाठी मोर्सची की तयार केली. कशी असावी हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी एका रविवारी रोह्याला येऊन काकांची पाहून घेतली होती. काकांनी दिलेल्या जुन्या सेटसाठी बसची एक बॅटरी आणून खाटेखाली ठेवली. प्रश्न होता तार बांधण्याचा. एक टोक आमच्या छपरावरच्या पाइपाला, आणि दुसरं? पलीकडे नानांचा गणपतींचा कारखाना होता. शाडूच्या ओल्या मातीचा गारवा त्या बाजूने नेहमी यायचा. नाना कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले.

"बाप्पाला करंट नाय ना लागणार?"

"नाय हो," बाबा म्हणाले.

"रंग नाय ना उडणार?"

"नाय."

"मग बांध. पोरीचा आवाज जाऊ दे जिकडं जायचा तिकडं."

शेवटी लायसन आलं. त्या काळच्या नियमात नवशिक्याला आधी फक्त मोर्स. तोंडाने बोलायची परवानगी नंतर, मोर्सवर पुरेसा सराव झाला की. इतरांना हा जाच वाटायचा. मला ती सुट्टी वाटायची. रोज संध्याकाळी दिवेलागणीला मी खाटेवर बसून ‘कुणी आहे का?’ विचारायची. मग पहिलं उत्तर आलं. केरळातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी माझं नाव विचारलं. मी नाव वाजवलं, एका दमात, न थांबता. आयुष्यात पहिल्यांदा. आई आतून म्हणाली, "काय झालं गो? रडतेस काय?" मी मान हलवली. बाहेर नाना मूर्तीच्या सोंडेवर पाण्याचा हात फिरवत होते, आणि मी त्यांच्या डोक्यावरून माझं नाव केरळापर्यंत पाठवत होते.

पुढे बोलायची परवानगीही आली. काकांनी स्वतः मायक्रोफोन आणून दिला. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. काकांनी कधी विचारलं नाही. नुसते एकदा म्हणाले, "तुला एक गंमत सांगू? त्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत समोरच्याला काही करता येत नाही. मध्ये बोलायचं म्हटलं तरी येत नाही. तू बोलत नसलीस तरी त्याला थांबावंच लागतं." मी ऐकलं आणि गाडी पकडायला निघाले.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात अंबा नदी नागोठण्यात शिरली. पाऊस आदल्या दिवसापासूनच थांबला नव्हता, आणि सकाळी बाबा ब्रेकडाऊनची व्हॅन घेऊन नागोठण्याच्या बाजूला गेले होते, कुठली तरी बस बंद पडली होती म्हणून. दहाच्या सुमारास बातमी आली की रस्ता पाण्याखाली गेला. गाड्या पहाटेपासूनच बंद, म्हणून मी घरीच होते; रुळांवर दरड, टेलिफोन मुके. वीजही गेली. मी खाटेखालची बॅटरी जोडली आणि काकांना हाक दिली. काका होतेच. मी मोर्समध्ये विचारलं, त्यांनी मोर्समध्येच सांगितलं की भिसे खिंडीचा रस्ता उंचावरचा आहे, तो चालू आहे, आणि रोह्यातले लोक जीपमधून पिठलं-भाकरी घेऊन नागोठण्याला जातायत. एसटीचे अडकलेले प्रवासी आणि माणसं तिथल्या उंचावरच्या शाळेत आहेत म्हणे. सगळे आहेत का, ते ठाऊक नाही.

तोवर आमच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नव्हती. डेपोतला कंट्रोलर होता, नाना होते, आणि सगळ्यांच्या पुढे वनिता होती. आमच्या शेजारची. तिचा नवरा परशुराम त्याच बंद पडलेल्या बसवर कंडक्टर. खारेपाटातली ती, आवाज खणखणीत, कधी कुणाला घाबरलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती पदराचं टोक पिळत होती, पावसाने भिजलंच होतं ते, पाणी गळत होतं.

मी कीवर बोट ठेवलं आणि परशुरामचं नाव वाजवायला लागले. वनिताने माझा हात धरला.

"थांब गो. ह्या टिकटिकीत मला काय कळतंय? तू त्याचं नाव घेतलंस का नाय, मला कसं समजायचं?"

"घे... घेतेय."

"मग तोंडाने घे ना. मला ऐकू येऊ दे. एवढं कर बाय माझं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला मी कशी बोलते हे माहीत होतं. रोज नळावर आम्ही एकत्र पाणी भरायचो. तरी ती मागत होती. मी उठले, कपाट उघडलं, पिशवीतून मायक्रोफोन काढला. आईने आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मी मायक्रोफोन जोडला आणि बटण दाबलं.

"प..."

ओठ मिटले ते मिटलेच. खोलीत छपरावरच्या पावसाचा आवाज, बाकी काही नाही. मी परत घेतलं. "प... प..." कंट्रोलरसाहेब भला माणूस, त्यांना राहवेना. ते मागून म्हणाले, "परशु..."

वनिता गर्रकन वळली. "गप ऱ्हावा ओ! तिला बोलू द्या."

आणि मग कुणीच बोललं नाही. बटणावर माझा अंगठा पांढरा पडला होता. तिकडे रोह्याला काका हेडफोन लावून बसले असतील, काकू त्यांच्या मागे उभ्या असतील, आणि त्यांना माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नसेल. त्यांनी ठरवलं असतं तरी ते माझ्या मदतीला येऊ शकले नसते. या विचाराने घाबरायला हवं होतं. पण मी घाबरले नाही. घाई नव्हती. सगळा वारा माझा होता.

"परशुराम," मी म्हणाले. "परशुराम प... प... पाटील. कंडक्टर. आणि मा... माझे बाबा. ब्रेकडाऊनच्या व्हॅनवर. शाळेत आहेत का बघा. ओव्हर."

अंगठा उचलला. नेहमीसारखी ती एक श्वासभराची शांतता. मग खरखरीतून काकांचा आवाज आला, "समजलं. परशुराम पाटील, कंडक्टर. आणि तुझे बाबा. जीप परतली की सांगतो. सेटपाशीच थांब." काका पंचवीस वर्षं समुद्रावर बोलत आले होते, पण त्यांचा आवाज तेव्हा जरा हलला, असं मला वाटलं. खरखर होती, नक्की सांगता येत नाही.

नंतर आणखी बायका आल्या. ज्यांची माणसं त्या रस्त्यावर होती त्या सगळ्या. भिजलेल्या छत्र्या ओट्यावर उघड्या ठेवून, एकेक आत येऊन नाव सांगायची आणि मी ते नाव मायक्रोफोनमध्ये घ्यायची. काही नावं सहज आली, काहींना वेळ लागला. कुणी मध्ये बोललं नाही. वनिता दारातच उभी होती, प्रत्येकीला आत सोडताना दबक्या आवाजात सांगत होती, "घाई करायची नाय. ती घेते बरोबर." आईने आणि तिने मिळून कोऱ्या चहाचं मोठं पातेलं ठेवलं. गवती चहाचा वास आणि ओल्या लुगड्यांचा वास एक झाला होता.

दुपारी जीप परतली. या वेळी आवाज काकूंचा होता, काकांनी आनंदाने त्यांच्या हाती मायक्रोफोन दिला असणार. त्यांना ‘ओव्हर’ म्हणायचं सुचेचना, एका दमात बोलत सुटल्या. "सगळे आहेत गं, सगळे आहेत! तो परशुराम शाळेत लोकांना भात वाढतोय म्हणे. आणि तुझे बाबा व्हॅनच्या टपावर बसून होते, त्यांना होडीतून आणलं. पाय जरा मुरगळलाय, बाकी ठणठणीत. काय सांगू, जीपवाल्याकडे त्यांनी पान मागितलं!"

वनिताने दोन्ही हात डोक्याला लावले आणि मटकन खाली बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "भात वाढतोय? मेला घरात पाण्याचा तांब्या उचलत नाय, आणि तिकडं भात वाढतोय!" आणि मग खोलीभर हसू फुटलं, ते छपरावरच्या पावसालाही मागे सारणारं. नाना हसताना खोकायला लागले. त्यांच्या हातांची शाडूची माती वाळली होती, ती माझ्या खाटेवर पडत होती.

आता रामवाडीला हायवे रुंद झाला आहे. नानांचा कारखाना मोठा झाला, त्यांचा नातू मूर्ती परदेशी पाठवतो. चाळ गेली. मीही कंपनीतून निवृत्त झाले. अजून अडखळते, प आणि ब यांनी मला कधी माफ केलं नाही. पण आता मी अवघड शब्द टाळून दुसरा शोधत नाही. घेते वेळ. आमच्या नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझी तार आहे, आजूबाजूच्या दिव्यांची आणि चार्जरांची खरखर फार येते, तरी संध्याकाळी कुणी ना कुणी भेटतं. केरळातल्या त्या शिक्षकांची मुलगी भेटते कधीकधी. तीही यंग लेडीच, आजी झाली आहे.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ते अंथरुणावर बोटांनी वाजवायचे, काकू सांगतात. काकूंना ते कळायचं नाही, पण त्या शेजारी बसून थांबायच्या. बोट थांबलं की म्हणायच्या, "बरं."

तार गुंडाळून झाली. काकूंनी माझ्या डब्यातले वाल पाहिले, बिरड्यासाठी ठेवून घेतले, आणि आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यात बसलो. ऊन कलत होतं. काकू म्हणाल्या, "त्या पुराच्या वेळी तुझे बाबा घरी आल्यावर काय म्हणाले गं? मी तुला कधी विचारलंच नाही."

मी सांगितलं.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पाय सुजलेला, कपडे चिखलाने कडक झालेले. वनिताने त्यांना नाक्यावरच गाठून सगळं सांगितलं होतं. त्यांनी अंघोळ केली, आईने गरम भात वाढला, वर आमटी. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्यांनी पहिला घास कालवला आणि मला म्हणाले, "फार घाबरली असशील, आणि मग काकांनी..." तिथेच ते थांबले. घास ताटात ठेवला.

"नाय. तू सांग."

मी सांगायला लागले. पहिल्यापासून. वनिताने हात धरला तिथे आले आणि मग परशुरामच्या ‘प’ला अडकले. बाबांचे ओठ आपोआप मिटले, माझ्याबरोबरच, तोच ‘प’ त्यांच्या ओठांवर तयार होता. मी पाहत होते. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. मला नाव घ्यायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मग मी पुढे सांगितलं, कंट्रोलरसाहेबांचं, बायकांचं, चहाचं, काकूंचं, सगळं. आई भाताचं पातेलं हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली होती, तीही वाढायला पुढे आली नाही. आमटीवर साय धरली. भात गार झाला.

सगळं सांगून झाल्यावरही बाबा थोडा वेळ तसेच बसून राहिले, माझं खरंच संपलंय ना, याची खात्री करून घेत. मग म्हणाले, "आता जेवूया," आणि त्या दिवशी मला खरोखर भूक लागली होती.